वारंगा फाट्यापर्यंत

पेडणेकर बाई दिवाळीला गावी निघाल्या की आमच्या गल्लीत त्यांना निरोप द्यायला कोणी दारात येत नसे. कशाला यायचं? बाई दिवेलागणीला परत येणार हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक. सकाळी इस्त्रीची साडी नेसून, रेक्झिनची बॅग घेऊन बाई जीपमध्ये बसायच्या. कळमनुरीहून वारंगा फाट्यावर उतरायच्या. तिथं रशीदभाईच्या हॉटेलातल्या बाकड्यापाशी थांबून कोल्हापूरची गाडी येताना बघायच्या, थांबलेली बघायच्या, जाताना बघायच्या. मग दुसरा चहा घेऊन उलट्या जीपनं घरी. एका वर्षी म्हणाल्या, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी म्हणाल्या, गाडी थांबलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी काही म्हणाल्याच नाहीत. बॅग कॉटखाली सरकवली आणि आमच्याकडं करंज्या तळायला आल्या. माझी सासू जिभेची तिखट. ती म्हणाली, "सुमन, या बाईचं माहेर वारंगा फाट्यावरच हाय का गं?"

बाई हसल्या. म्हणजे ओठ हसले. झारा मात्र कढईत नुसताच फिरत राहिला आणि करंज्यांचा एक घाणा काळा झाला.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. त्या आल्या तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीवाले होतो. वेंगुर्ल्याच्या बाजूची, समुद्राच्या काठावर वाढलेली ही बाई आमच्या कापूस-तुरीच्या मुलखात काहून आली, हा शिक्षकखोलीतला त्या वर्षीचा मुख्य विषय होता. जाहिरात बघून आल्या, मुलाखत दिली, रुजू झाल्या, एवढंच त्या सांगायच्या. आमच्या घरासमोरची खोली मीच त्यांना बघून दिली. घरमालकानं भिंतीतलं कपाट रिकामं करून दिलं, तर बाईंनी त्यात एक वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर काहीच ठेवलं नाही. कपडे बॅगेत. भांडी म्हणजे एक पातेलं, एक तवा, दोन ताटल्या. "जायचंच आहे गो, पसारा कशाला?" हे त्यांचं पालुपद. तुळस लावली नाही, कॅलेंडरसाठी खिळा ठोकला नाही. खिळा एकच होता, दाराजवळ, आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला. त्यावर दुर्बीण टांगलेली असायची.

एका जागी बसणं या बाईच्या नशिबातच नव्हतं. वर्गात शिकवताना दार ते खिडकी, खिडकी ते दार. डबा उभ्यानं खायच्या. शाळेच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणायचे, बाई, बसा. बाई म्हणायच्या, बसते सर, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच. बैठक संपली की सगळ्यांच्या आधी दाराबाहेर. मला तर त्यांच्याकडं बघूनच दम लागायचा. आजारी पडल्या तरी अंगावर चादर घेऊन खोलीत येरझारा घालायच्या. एकदा ताप भरला म्हणून मी पेज घेऊन गेले, तर म्हणाल्या, खिडकीतून ती लिंबावरची खार बघ, तिला एक क्षण उसंत नाही. मी म्हटलं, बाई, आरसा बघा.

माणसांना पाखरांची नावं द्यायची त्यांना खोड होती. आमचे मुख्याध्यापक उंच, किडकिडीत, आणि जपून पाऊल टाकणारे. बाई त्यांना शेकाट्या म्हणायच्या. शेकाट्या काय चीज असते मला ठाऊक नव्हतं. मग एका रविवारी पैनगंगेवरच्या धरणावर त्यांनी मला तो दाखवला. काळंपांढरं अंग, लांबच लांब लाल पाय, उथळ पाण्यात एकेक पाऊल उचलून ठेवतोय. मी हसून हसून खाली बसले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक परिपाठाला पायरी उतरून आले तेव्हा मला तोंडात पदर कोंबावा लागला. मी कोण, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, तू साळुंकी, कायम कुणाशी तरी भांडत असतेस. राग आला होता. पण खोटं काहून सांगू, बराबर होतं.

दिवाळी सरली, थंडी पडली, पैनगंगेवरच्या धरणाचं पाणी मागं सरकायला लागलं की बाईंच्या अंगात यायचं. रविवारी उजाडायच्या आत सायकल बाहेर. साडीचा ओचा वर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, हँडलला डबा, गळ्यात दुर्बीण. आमच्याकडं तेव्हा मास्तरीणबाई सायकलवर ही एक बातमी, गळ्यात दुर्बीण ही दुसरी. चौकातले लोक विचारायचे, बाई, सिनेमा काढून राहिल्या का? बाई घंटी वाजवून पुढं. मला त्यांनी पुष्कळदा ओढून नेलं. मी नवऱ्याची सायकल घ्यायची, ती मला उंच पडायची, आणि तुरीच्या शेतांमधल्या त्या फुफाट्याच्या रस्त्यानं मी दर चढाला उतरून चालायची. बाई पुढं जाऊन थांबायच्या, पण थांबूनही सायकल मागं-पुढं करत राहायच्या. तारेवर बघ, खाटीक. तो शेपटी हलवतोय तो धोबी. तूर फुलावर असायची, अंगाला कडाक्याचं वारं लागायचं, आणि मला भूक लागलेली असायची. पाखरांपेक्षा त्यांच्या डब्यातल्या घावनांसाठी मी जास्त गेले आहे, हे सांगून टाकते.

दुर्बिणीचा त्यांचा एक नियम होता. माणसांवर ती लावायची नाही. शाळेच्या गच्चीवरून एकदा नववीच्या पोरींनी हट्ट धरला, बाई, आठवडी बाजार दाखवा, आमची माय कुठं बसली ते पाहतो. एरवी पोरींना काही नाही न म्हणणाऱ्या बाई तेव्हा एकदम कडक झाल्या. माणूस बघायचा तर जवळ जाऊन बघायचा, चोरून नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांनी घालून दिलेला नियम आहे म्हणाल्या. बाबांचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

धरणाच्या काठावर पोचलं की त्यांची कुरकुर सुरू व्हायची. याला वास नाही गो. भरती नाही, ओहोटी नाही, मीठ नाही. मी म्हणायची, मग येता कशाला एवढी तकलीफ घेऊन? तर म्हणायच्या, कुरव येतात ना. कुरव म्हणजे समुद्रावरचे पांढरे पक्षी. थंडीत त्यातले थोडे आमच्या धरणावरही येतात. ते दिसले की बाईंचा आवाज बदलायचा. गावाकडचा पाहुणा आल्यासारख्या त्या काठाकाठानं त्यांच्या मागं चालत सुटायच्या, आणि मी डबा सांभाळत बसायची.

अशाच एका थंडीत, सायकली हातात धरून चढ चढताना त्यांनी मला सांगितलं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी ते लहानग्या नलूला, म्हणजे आमच्या बाईंना, सायकलच्या दांडीवर बसवून खाडीच्या काठानं समुद्रापर्यंत न्यायचे. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर तुतवार पाखरांचे थवे धावायचे. बाबा दुर्बीण आधी तिच्या डोळ्यांना लावायचे, मग स्वतःच्या. थंडीनं तिच्या बोटांना कापरं भरलं की आपल्या मफलरीत तिचे हात गुंडाळायचे. आई लवकर गेलेली, म्हणून लेक म्हणजे जीव की प्राण. पुढं त्याच बाबांनी मित्राच्या घरी तिच्या लग्नाचा शब्द दिला, तिला न विचारता. साखरपुड्याच्या सकाळी ती नाही म्हणाली. पाहुणे दारात आलेले. बाबा म्हणाले, माझा शब्द गेला, आता माझ्या नजरेसमोर थांबू नकोस. लेक त्यांचीच. तीही म्हणाली, नाही थांबत. आणि समुद्रापासून जितकी लांब मिळेल तितकी लांबची नोकरी धरली.

मी म्हटलं, बाई, बाप रागात बोलतो. त्याला इतकी वर्षं धरून बसायचं असतं काय? त्या म्हणाल्या, रागाचं काही नाही गो, राग कधीच गेला. पण काय तोंड घेऊन जाऊ? दारात उभी राहून काय म्हणू? एवढं बोलून त्या सायकलवर बसल्या आणि असं काही पायडल मारलं की धरणापर्यंत मला दिसल्याच नाहीत. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. जिला पाखरं इतक्या लांबून ओळखू येतात तिला बापाचं दार दिसू नये?

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षीच्या थंडीतली ती गोष्ट. शेजारच्या काकूंचं पोस्टकार्ड आलं होतं की मास्तरांना आताशा कमी दिसतं, भिंतीला हात लावून चालतात. बाई दिवाळीला नेहमीप्रमाणं वारंगा फाट्यापर्यंत जाऊन आल्या. त्यानंतर मात्र त्यांना धरबंद राहिला नाही. शाळेच्या दिवशीही पहाटे सायकल घेऊन निघायच्या आणि परिपाठाला धापा टाकत यायच्या. आता माझ्याही लक्षात यायला लागलं होतं की अजून एक-दोन दिवाळ्या अशा गेल्या तर बाई गेल्या काय अन् न गेल्या काय, म्हाताऱ्याला लेकीचा चेहरा दिसणार नाही.

आणि त्याच घाईत बाईंनी एक उद्योग करून ठेवला. पाणी मागं सरकतं तसा काठाचा गाळ उघडा पडतो आणि तुतवार त्या ओल्या पट्ट्यात चरतात. ते गेल्या रविवारी कुठपर्यंत होते हे लक्षात राहावं म्हणून बाईंनी बाभळीच्या काटक्यांना जुन्या लाल परकराच्या चिंध्या बांधल्या आणि काठानं ओळीनं रोवल्या. त्यांना वाटलं, कोणाला काय त्रास?

पण त्या काठावरचं गाव म्हणजे धरणातून उठून आलेलं गाव. जुनं गाव, जुनी शेतं, सगळं पाण्याखाली. पाणी ओसरलं की हे लोक आपल्याच जुन्या रानावरच्या गाळात हरभरा पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, आणि मेंढ्या काठावर चारतात. धरण व्हायच्या आधी तिथं साहेब लोक आले होते. नळकांड्याला डोळा लावून बघितलं होतं आणि इथपर्यंत पाणी येणार म्हणून लाल फडक्यांचे खुंट रोवून गेले होते. आता पुन्हा कोणी दुर्बीणवालं काठानं फिरतंय आणि मागं लाल फडकी रोवून जातंय म्हटल्यावर त्यांनी काय समजायचं? भिंत वाढणार, आणखी पाणी येणार, आपण पुन्हा उठणार, असं सगळ्या गावानं धरलं. त्या आठवड्यात कोणी गाळपेर केली नाही. बियाणं पोत्यात तसंच. एकानं तर कडब्याची गंजी उचलून टेकाडावर न्यायला काढली होती.

आम्हाला काय ठाऊक? रविवारी आम्ही दोघी गेलो तर काटक्या गायब आणि काठावर माणसं उभी. त्यांच्या मधोमध एक म्हातारी, गयाबाई. मेंढ्या राखणाऱ्या हटकरांची बाई, अंगानं वाळलेली, मांडीवर कोकरू. उपटलेल्या काटक्यांचा ढीग तिच्या पुढ्यात. बाई सायकलवरून उतरल्या तशी गयाबाईच्या मुलानं, नामदेवनं, सायकल धरली. कोणत्या हापिसातून आलात, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, शाळेतून. शाळेला पाण्याचं काय करायचं हाय, असं मागून कोणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, मी पाखरं बघते. खरं सांगते, मलासुद्धा ते बोलणं तेव्हा खोटं वाटलं. पाखरं पाह्याला कळमनुरीहून सायकल हाणत कोण येतं, आणि पाखरांना लाल झेंडी कशाला लागते, असं नामदेवनं विचारलं.

मग मी तोंड उघडलं. सासऱ्यांचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. "दादा, माझ्या लेकराची शप्पत," मी म्हटलं, "ही बाई येडी हाय, पण सरकारी न्हाई."

दोघं-तिघं हसले. गयाबाई हसली नाही. काटक्यांवर हात ठेवून तिनं सांगितलं, "एकडाव उठलो आमी. आता न्हाई उठणार. पाणी आलं तर येऊ द्या अंगावरून."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली. ती त्यांनी काढून दुसऱ्याच्या हातात दिलेली मी तोवर पाहिली नव्हती. दाखवायची असली तरी पट्टा आपल्या गळ्यात ठेवूनच दाखवायच्या. आता ती त्यांनी गयाबाईच्या हातात ठेवली. म्हणाल्या, मावशी, तुम्हीच बघा पाखरंच दिसतात की आणखी काही.

गयाबाईनं ती आधी उलटी धरली. बाईंनी सरळ करून दिली. म्हातारीनं काठावरचे बगळे पाहिले नाहीत, जवळ तरंगणारी बदकं पाहिली नाहीत. तिनं दुर्बीण थेट मधल्या पाण्याकडं वळवली. तिथं पाण्याबाहेर एक काळी रेघ उभी होती आणि तिच्या टोकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. बाई शिकवायच्या सुरात म्हणाल्या, तो लाकडावर बसलाय तो पाणकावळा. गयाबाई म्हणाली, "लाकूड न्हाई ते. चिंच हाय माझी. आंगणातली."

पाणी उतरलं की चिंचेचा वाळका शेंडा वर येतो हे गावाला माहीत होतं. पण काठावरून नुसत्या डोळ्यांना ती रेघच दिसायची. आता तिला फांदी दिसत होती. कोणती फांदी, कुठं झोळी बांधायची, कोणती वाऱ्यानं मोडली होती, ते ती पुटपुटत होती. कोकरू मांडीवरून उतरून लाल चिंध्या चघळायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. नामदेवनं हात पुढं केला तर तिनं कोपरानं ढकलला. माणसं एकेक करून खाली बसली. मला रडू यायला लागलं आणि मी उगाच डब्याचं झाकण उघडझाक करत राहिले.

दुर्बीण न काढताच गयाबाईनं विचारलं, "तुजं गाव कंचं गं, बाई?"

"समुद्राकाठी आहे. लांब."

"कोण हाय तिथं?"

"बाबा."

"गाव बुडालं का?"

"नाही."

तेव्हा कुठं म्हातारीनं दुर्बीण खाली घेतली. "गाव कोरडं हाय, बाप जित्ता हाय. मंग तू इथं माझं पाणी पाहत काहून फिरून राहिली?"

बाई खाली बसल्या. ओल्या गाळात, धुतलेल्या साडीनिशी. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि बराच वेळ त्या उठल्या नाहीत. नामदेवनं बाईंची सायकल आणून माझ्या सायकलीला टेकवली. त्याच्या घरून चहा आला. दुसऱ्या दिवशी म्हणे सगळ्या गावानं एकदमच पेरा केला.

त्यानंतरचे रविवार बाई धरणावर जायच्या ते गयाबाईकडं. दुर्बीण म्हातारीच्या डोळ्याला असायची आणि बाई शेजारी मेंढ्या वळत, मधूनमधून बाबांचं सांगत उभ्या. कोकरांच्या मागं धावण्यात त्यांची चुळबुळ कामी आली, असं मी म्हटलंसुद्धा. काटक्या पुन्हा रोवल्या नाहीत. माघात त्याच गाळातल्या हरभऱ्याचे डहाळे नामदेवनं आम्हाला गाठोडं भरून दिले. पण कोल्हापूरची गाडी किती वाजता असते हे बाई मला आठवड्यातून दोनदा विचारायला लागल्या. ज्या बाईला ते तोंडपाठ, ती मला विचारते. मी म्हणायची, तुम्हालाच माहीत. त्या म्हणायच्या, हो, आणि पुन्हा येरझारा.

एका रविवारी काठावर त्यांनी गयाबाईला सांगितलं की मी आता गावी जाईन म्हणते, दुर्बीण तुमच्याकडं राहू दे. मला भरवसा वाटेना, कारण त्यांच्या जाईन म्हणण्याला किती जोर असतो हे मला ठाऊक होतं. गयाबाईनं दुर्बीण उलटसुलट करून पाहिली. कोणाची हाय, असं विचारलं. बाई म्हणाल्या, माझी. म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली.

"बाबांची आहे," बाई म्हणाल्या. "दाराजवळच्या खिळ्यावरून काढून आणली होती. न विचारता." मग आमच्या दोघींकडं न बघता, पाण्याकडं बघत म्हणाल्या, "वाटलं होतं, मागायला तरी येतील."

ते रिकामं कपाट, ती बॅग, तो एक खिळा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. इतकी वर्षं ही बाई पाखरांची वाट बघत नव्हती तर. गयाबाईनं पट्टा सारखा केला आणि दुर्बीण बाईंच्या गळ्यात घातली. "माझी चिंच कुठं हाय ते मी डोळे झाकून सांगीन," ती म्हणाली. "ज्याची वस्तू त्याला नेऊन दे. त्यो येत न्हाई तर तू जाय. दारात काय बोलावं म्हणतीस ना? हे घ्या म्हण."

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट टांगून ठेवलेली मला स्वतःला खपत नाही. बाई रजेवर गेल्या त्या परत आल्या नाहीत. तिकडच्याच एका शाळेत लागल्या. पुढच्या थंडीत शाळेच्या फोनवर त्यांचा फोन आला. धरणावर चक्रवाक आले का, गयामावशी कशी आहे, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, बाबांचं बोला. तर म्हणाल्या, फार थोडं दिसतं त्यांना, माणूस जवळ आला की चेहऱ्याचा आकार कळतो. तरी दुर्बीण गळ्यात घालून दारापुढच्या खळ्यात बसतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना सायकलवर मागं बसवते आणि खाडीकाठानं नेते. मी काय दिसतं ते सांगते, ते चूक काढतात. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मी विचारलं गो त्यांना, दुर्बीण मागायला का नाही आलात? म्हणाले, मागितली असती तर तू दिली असतीस. मग तुझ्याकडे आमचं काय राहिलं असतं?"

पण मला बाई आठवतात त्या फाट्यावरच्या. त्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले होते, पाठीत हात घालून गाडीत ढकलायला. माघातलं ऊन, हमरस्त्यावर ट्रकांची धूळ. आम्हाला बघून रशीदभाईनं न विचारता दोन चहा टाकले. "बैठो बाई," तो म्हणाला, "गाडी तो आती-जाती रहती." त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला त्याचा राग आला.

गाडी आली. बाई उठल्या, बॅग घेतली आणि चक्क चढल्या. खिडकीतून मला दिसत होतं, आधी डावीकडच्या बाकावर बसल्या, मग उजवीकडच्या, मग मागं सरकल्या. मी देवाचं नाव घेतलं. एवढ्यात बाई दारातून खाली उतरल्या. रशीदभाईनं मान हलवली आणि त्यांच्या चहाचा ग्लास बाकड्यावर आणून ठेवला. वाहक ओरडायला लागला.

बाई तरातरा माझ्याजवळ आल्या. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "त्या कपाटातलं वर्तमानपत्र काढून टाक गो," म्हणाल्या, "नव्या माणसाला कपडे ठेवायला होतील." आणि वळल्या, आणि चढल्या. वाहकानं दार आपटून घंटी दिली.

गाडी हलली. बाई मागच्या काचेशी येऊन उभ्या होत्या, बसणार कुठल्या. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मी वर पाहिलं, तारांवर पाहिलं, कुठं कोणतं पाखरू नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. ती आमच्यावर लावली होती. मी घाईघाईनं पदर सारखा केला. रशीदभाईनं टोपी नीट केली, काहून ते त्यालाच ठाऊक. सरळ रस्त्यावर गाडी लहान होत गेली, ठिपका झाली, आणि मग दिसेनाशी झाली. बाकड्यावरचा चहा निवून गेला होता. पण दुर्बिणीतून आम्ही बाईंना अजून दिसत असू असं वाटून आम्ही दोघंही तिथंच उभे राहिलो.